सप्टेंबर निभावण्याची शास्त्रोक्त रीत

प्रस्तुत मार्गदर्शिका न्यू यॉर्क मेट्स या बेसबॉल संघाच्या चाहत्यांसाठी आहे. यँकीजवाल्यांना तिची गरज नाही. त्यांच्याकडे 27 वर्ल्ड सीरिज आहेत. वाईट वाटलं की ते त्या मोजत बसतात. मेट्सकडे दोन आहेत, 1969 आणि 1986 च्या, आणि त्या मोजायला फारसा वेळ लागत नाही. फिलाडेल्फिया फिलीजच्या चाहत्यांना ही मार्गदर्शिका वाचायला सक्त मनाई आहे. तरी चेरी हिलला राहणारे आमचे साडू ती वाचणारच, आणि वाचून फोनही करणार. त्यांची सोय शेवटच्या कलमात केली आहे.

न्यू जर्सीतल्या एडिसनला नुकत्याच आलेल्या, क्रिकेटवर वाढलेल्या मंडळींसाठी आधी थोडी पूर्वपीठिका. प्रत्येक संघ मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत 162 सामने खेळतो, म्हणजे जवळजवळ रोज. नॅशनल लीगमधल्या 15 संघांपैकी सहांना प्लेऑफ मिळतो: तीन डिव्हिजनचे तीन विजेते आणि उरलेल्यांतले पहिले तीन. या मागाहून आलेल्या तिघांना वाइल्ड कार्ड म्हणतात. एप्रिलमध्ये हरलेला सामना आणि सप्टेंबरमध्ये हरलेला सामना, दोन्हींचं वजन हिशेबात सारखंच. हे वाक्य पाठ करावं. सप्टेंबरमध्ये त्याचा काडीचा उपयोग होत नाही, पण पाठ करावं.

कलम पहिलं : आकडेमोड

सकाळी उठल्यावर दात घासण्यापूर्वी मॅजिक नंबर काढावा. रीत सोपी आहे. 163 मधून पुढच्या संघाचे विजय वजा करावेत, मग पाठलाग करणाऱ्या संघाचे पराभव वजा करावेत. हा आकडा शून्यावर आला की पुढच्या संघाने पेढे वाटायचे. आपण पाठलाग करणारे असलो, तर तोच आकडा आपली घटका मोजत असतो. मेट्सच्या चाहत्याने दोन्ही बाजूंनी गणित करायची सवय ठेवावी, कारण ऑगस्टमध्ये आपण कुठल्या बाजूला होतो यावर सप्टेंबरमध्ये भरवसा नसतो.

तक्त्यात विजयांकडे पाहू नये, पराभवांचा रकाना पाहावा. ज्याचे सामने शिल्लक आहेत त्याला विजय अजून मिळवता येतात. झालेला पराभव कुणालाच पुसता येत नाही. मागे असण्याचं अंतर कधी कधी साडेतीन सामन्यांचं निघतं. हा अर्धा सामना कुठून आला, असं सासूबाई विचारतात. दोन संघांच्या विजयांतला फरक आणि पराभवांतला फरक यांची बेरीज करून दोनाने भागायचं, म्हणून तो येतो. विश्वचषकात नेट रन रेटसाठी ज्यांनी कागद-पेन्सिल हातात घेतली आहे, त्यांना हे आपोआप समजतं.

टक्केवारी मात्र बघू नये. कुठला संघ प्लेऑफला पोचण्याची किती टक्के शक्यता आहे, हे सांगणाऱ्या साइट आहेत आणि त्या रोज आकडा बदलतात. 12 जून 2025 ला मेट्सचे 45 विजय आणि 24 पराभव होते. सगळ्या बेसबॉलमध्ये त्यांच्या पुढे कुणी नव्हतं. हुआन सोटोला 15 वर्षांसाठी 76 कोटी 50 लाख डॉलर कबूल करून आणलेलं होतं. आम्ही टक्केवारी बघितली, ऑक्टोबरच्या वीकेंडचे बेत आखले, दांडियाला येणार नाही असं कळवलं. तिथून पुढे मेट्स 38 जिंकले आणि 55 हरले.

कलम दुसरं : परक्यांच्या पराभवासाठी प्रार्थना

सप्टेंबरमध्ये आपला सामना बघणं हे जोडकाम असतं. मुख्य काम म्हणजे सिनसिनाटी, ॲरिझोना आणि सॅन फ्रान्सिस्को यांचं वाटोळं व्हावं म्हणून जागणं. ॲरिझोनाचा घरचा सामना आपल्याकडे रात्री पावणेदहाच्या सुमारास सुरू होतो आणि मध्यरात्रीनंतर संपतो. "तुमचे खेळतायत का?" असं सौ. विचारते. नाही म्हणावं लागतं. "मग कोण खेळतंय?" जे खेळत आहेत त्यांतला एकही खेळाडू आपल्या ओळखीचा नाही, तरी त्यांच्यातल्या एकाने दुसऱ्याला हरवावं म्हणून आपण उद्या ऑफिस असताना साडेबारापर्यंत सोफ्यावर बसलो आहोत, हे कुठल्याही भाषेत समजावून सांगता येत नाही. प्रयत्न करू नये. आवाज बंद करावा.

बरोबरीचा नियमही ठाऊक हवा. पूर्वी दोन संघ बरोबरीत संपले तर 163 वा सामना व्हायचा, आणि त्या एका सामन्यात वर्षभराचा निकाल लागायचा. 2022 पासून तो बंद झाला. आता दोघांमधल्या लढतींत जास्त कुणी जिंकल्या ते पाहतात. 2025 मध्ये मेट्स आणि सिनसिनाटी दोघेही 83 विजय आणि 79 पराभवांवर संपले. एकमेकांविरुद्धच्या सहा सामन्यांपैकी चार सिनसिनाटीचे, म्हणून ते आत आणि आम्ही बाहेर. त्या चारांतले दोन 6 आणि 7 सप्टेंबरला सिनसिनाटीतच गेले होते.

इथे सासूबाईंचा सिद्धान्त नोंदवणं भाग आहे. सासूबाई काही महिने आमच्याकडे आणि काही महिने साडूंकडे असतात. त्यामुळे त्या निःपक्षपाती आहेत असं त्या स्वतः म्हणतात. 6 सप्टेंबर म्हणजे अनंत चतुर्दशी. त्या दिवसापासून मेट्स लागोपाठ आठ सामने हरले. लगेच पितृपक्ष लागला आणि त्यांतले चार पराभव फिलाडेल्फियात, साडूंच्या डोळ्यांदेखत झाले. सासूबाई म्हणाल्या, या दिवसांत शुभकार्य होत नाही, थांबा. 14 तारखेला पीट अलोन्सोने दहाव्या इनिंगमध्ये होमरन मारून माळ तोडली, तेव्हा पितृपक्ष चालूच होता आणि सिद्धान्त बारगळला. मग आली सर्वपित्री अमावास्या, 21 सप्टेंबर. समोर वॉशिंग्टन, आमच्या डिव्हिजनमधला तळाचा संघ. त्यांच्या जेकब यंगच्या हातमोज्यातून चेंडू निसटला, त्याने तो पडता पडता पायाने वर उडवला आणि पुन्हा झेलला. आम्ही 3-2 ने हरलो. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त ताटात आणखी एक वडा वाढला.

कलम तिसरं : सोवळं-ओवळं

जिंकताना अंगात असलेला टी-शर्ट धुऊ नये. हरताना बसलेल्या खुर्चीत पुन्हा बसू नये. पाहुणे आल्यावर संघ जिंकला तर पाहुण्यांना जाऊ देऊ नये.

कलम चौथं : बुलपेन

सुरुवातीचा पिचर दमला की बदली पिचर ज्या कुंपणाआडून येतात ते बुलपेन. त्याचं दार उघडलं की चहा टाकायला उठावं. परत येईपर्यंत जे व्हायचं ते झालेलं असतं.

कलम पाचवं : शेवटचा रविवार आणि मार्लिन्स

शेवटच्या दिवशी सगळे सामने साधारण एकाच वेळी, दुपारी तीनच्या सुमारास, सुरू करतात, म्हणजे कुणाला दुसऱ्याचा निकाल बघून खेळता येऊ नये. बाहेरून हे फार न्याय्य दिसतं. घरात मात्र टीव्हीवर एक सामना, लॅपटॉपवर दुसरा आणि फोनवर साडू, अशी व्यवस्था करावी लागते.

आणि समोर मार्लिन्स असतात. 2007 साली 17 सामने उरले असताना मेट्सकडे सात सामन्यांची आघाडी होती. त्यांतले 11 हरून शेवटच्या दिवशी मार्लिन्सपुढे टॉम ग्लॅव्हिनला उभं केलं. हा माणूस पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला, पण त्या दिवशी एकच गडी बाद करेपर्यंत त्याच्या नावावर सात धावा लागल्या होत्या. डिव्हिजन कुणी जिंकलं ते साडूंना विचारा, ते तारखेनिशी सांगतात. 2008 साली पुन्हा शेवटचा दिवस, पुन्हा मार्लिन्स, 4-2. तो मेट्सच्या शे स्टेडियममधला शेवटचा सामना होता. हरल्यावर स्टेडियमच्या निरोपाचा समारंभ ठरल्याप्रमाणे पार पाडण्यात आला, जुने खेळाडू एकेक करून मैदानात आले, आणि लोक रडले. त्यांतलं कुठलं पाणी स्टेडियमसाठी होतं ते त्यांचं त्यांनाच माहीत.

2025 ला पुन्हा मार्लिन्स. त्या दिवशी सिनसिनाटी हरायला हवं होतं आणि आपण जिंकायला हवं होतं. मिलवॉकीने सिनसिनाटीला हरवून आपलं काम चोख केलं. आमच्याकडे चार धावांची पिछाडी होती. पाचव्या इनिंगमध्ये तिन्ही बेस भरलेले, अलोन्सो बॅटवर. त्याने चेंडू असा हाणला की ताशी 116 मैलांच्या आसपास वेग भरला, आणि तो सरळ डाव्या बाजूच्या क्षेत्ररक्षकाच्या हातमोज्यात गेला. दहा फूट इकडे किंवा तिकडे गेला असता तरी चाललं असतं. इतकं जोरात मारून इतकं नेमकं चुकायला काय लागतं, मला खरंच कळत नाही. 4-0. मेट्स त्या वर्षभरात आठ इनिंगनंतर मागे असलेला एकही सामना जिंकले नव्हते, हे ठाऊक असूनही आम्ही नववी इनिंग उभ्याने बघितली.

कारण 2024. त्या वर्षी अटलांटातले दोन सामने वादळामुळे लांबले आणि हंगाम संपल्यावर सोमवारी, 30 सप्टेंबरला, दोन्ही एकामागून एक खेळवले. दोहोंतला एक जिंकणं पुरेसं होतं. ॲरिझोनाचे खेळाडू आपला हंगाम संपवून घरी टीव्हीपुढे बसले होते, आणि मी कॅमेरा बंद करून ऑफिसच्या मीटिंगमध्ये. मेट्स सात इनिंगनंतर 3-0 ने मागे. आठव्या इनिंगमध्ये सहा धावा काढल्या. बुलपेनचं दार उघडलं. त्याच इनिंगमध्ये चार दिल्या. 7-6. नवव्या इनिंगमध्ये फ्रान्सिस्को लिंडोरने उजवीकडच्या कुंपणाबाहेर चेंडू धाडला, दोन धावा, 8-7. मीटिंगमध्ये मी "येस" म्हणून ओरडलो आणि माइक चालू होता. तिमाही अंदाजाला इतक्या उत्साहाने मान्यता दिल्याबद्दल साहेबांनी आभार मानले. असं एकदा घडलं की पुढची कित्येक वर्षं माणूस कामातून जातो.

कलम सहावं : साडूंशी व्यवहार

साडू वयाने मोठे आहेत, तेव्हा मर्यादा सांभाळावी. फिलीज जिंकल्यावर त्यांचा फोन येतो आणि ते फक्त "काय हो, जेवलात का?" असं विचारतात. जेवलो म्हणावं आणि फोन सौ.कडे द्यावा.

9 ऑक्टोबर 2025 च्या रात्री मात्र वेगळं कलम लागू होतं. लॉस एंजेलिसमध्ये अकरावी इनिंग, बरोबरी, तिन्ही बेस भरलेले, दोन गडी बाद. चेंडू टप्पे खात फिलीजच्या पिचरकडेच आला. पहिल्या बेसकडे फेकला असता तर इनिंग तिथेच संपत होती. त्याने तो होम प्लेटकडे फेकला आणि तो भलतीकडेच गेला. 2-1, फिलीजचं वर्ष संपलं. अशा रात्री फोन करू नये. मी केला नाही, आणि तो अठरा वर्षांतला सर्वांत कठीण संयम होता. दुसऱ्या दिवशी केला. दिवाळीच्या चकलीची भाजणी तुम्ही आणणार की आम्ही, यावर आम्ही बराच वेळ बोललो. ते म्हणाले, पोराचं वय काय हो, चोविसाचा आहे. मी म्हटलं, हो ना.

प्लेऑफची तिकिटं सप्टेंबरमध्येच विकायला काढतात. मेट्सच्या चाहत्याने ती जरूर घ्यावीत. सामना झालाच नाही तर तिकिटाचे पैसे परत मिळतात.