धाप लागली? ओटीपी टाका

दम्याच्या मुलांसाठी ॲप काढायचं म्हटलं की सगळ्यात आधी काय ठरतं? डायनासोर की ससा.

मग डायनासोरचा रंग. मग त्याचं नाव. रोज पंप घेतला की चांदणी, सलग सात दिवस घेतला की मुकुट. फुप्फुसांचा विषय तिसऱ्या बैठकीत निघतो, तोही चहाला वेळ असेल तर.

डायनासोर तरी नवा आहे का? नव्वदच्या दशकात अमेरिकेत सुपर निन्टेंडोवर ब्रॉंकी नावाचा दमेकरी डायनासोर येऊन गेला. त्याला धूळधुरापासून जपायचं, औषध वेळेवर द्यायचं, असा खेळ. तीस वर्षांनी आपण त्यालाच नवा सदरा घालतो आणि नवकल्पनेचं बक्षीस घेतो.

आता मुद्द्याचं विचारू. हे ॲप वापरणार कोण?

मूल? त्याच्याकडे फोन नाही. शाळेत फोनला बंदी, आणि ती असायलाच हवी. म्हणजे मूल खेळाच्या तासाला मैदानात, फोन आईच्या पर्समध्ये आणि आई लोकलमध्ये. पंप मुख्याध्यापकांच्या कपाटात. किल्ली शिपायाकडे.

शिपाई रजेवर.

ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०१४ पासून शाळांना अडीअडचणीसाठी सालब्युटामॉलचा जादा पंप स्वतःकडे ठेवायची कायदेशीर मुभा मिळाली. त्यासाठी ना डायनासोर लागला, ना मुकुट. नियम बदलला, एवढंच. आपण कपाटाला हात लावत नाही. कपाटातला पंप वेळेवर घेतला का, हे विचारणारं ॲप काढतो.

बरं, घरी तरी? रात्रीचे तीन. सहा वर्षांचं पोर उठून बसलंय. छातीत शिट्टी वाजतेय, दर श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय. आईच्या एका हातात स्पेसर. दुसऱ्या हाताने तिने मास्क नाकातोंडावर घट्ट धरलाय आणि पोर मान झटकतंय. पंप हलवायचा, दाबायचा, पाच-सहा श्वास मोजायचे, परत हलवायचा, परत दाबायचा. तिसरा हात असलेल्या आईने आता ॲप उघडावं. ॲप म्हणतं, आपलं सत्र संपलं आहे, मोबाइलवर आलेला सहा आकडी ओटीपी टाका. ओटीपी जातो बाबांच्या मोबाइलवर, कारण नोंदणी त्यांच्या नावाने. बाबा रात्रपाळीला. शेवटी कसंबसं ॲप उघडलं तर पहिला प्रश्न, 'आज कसं वाटतंय?' खाली पाच चेहरे, हसऱ्यापासून रडव्यापर्यंत.

आईचा चेहरा त्या पाचांत नाही.

चेहऱ्यांना नावं ठेवायची नाहीत. ४ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी डॉक्टर एक प्रश्नावली वापरतात. प्रश्न सात. पहिले चार मुलाने चेहरे बघून सोडवायचे, उरलेले तीन पालकांनी. २७ पैकी १९ किंवा त्याहून कमी गुण आले, तर दमा आटोक्यात नाही असं समजायचं. कागद आणि पेनात भागतं. अडचण एकच, आधी मुलाला बोलू द्यावं लागतं. आपल्याकडे मुलाने तोंड उघडायच्या आत उत्तर येतं, 'तसं बरंय हो डॉक्टर, फक्त रात्री थोडं.'

नोंदींचंही तेच. १९९६ साली अमेरिकेत ८ ते १२ वर्षांच्या २४ मुलांवर झालेला एक अभ्यास छापून आला. वह्या सांगत होत्या की स्टिरॉइड पंपाचे ९५ टक्के डोस घेतले. पंपाला गुपचूप नोंद घेणारं यंत्र लावलं होतं. ते सांगत होतं, ५८. वह्या बहुधा सुवाच्य असतील!

मोठी माणसं तर पोरांच्या चार पावलं पुढे. तिथल्याच धूम्रपान करणाऱ्यांच्या एका चाचणीत काही महाभागांनी तीन तासांत शंभराहून जास्त वेळा पंप दाबल्याचं निघालं. डॉक्टरांना डबी रिकामी दाखवायची होती, दुसरं काय? ॲपमध्ये तेवढेही कष्ट नाहीत. रविवारी रात्री सात टिचक्या मारा, सात चांदण्या घ्या.

मग तंत्रज्ञान फुकट म्हणायचं का? छे! ऑकलंडमध्ये ६ ते १५ वर्षांच्या २२० मुलांच्या पंपांना यंत्र बसवलं. २०१५ साली निकाल छापले गेले. वेळ झाली की आवाज करणारं यंत्र ज्यांच्याकडे होतं, त्यांनी ८४ टक्के डोस घेतले. ज्यांचं यंत्र मुकं ठेवलं, त्यांनी ३०. फरक डोळ्यांत भरणारा आहे. पण बोललं कोण? पंपाला चिकटलेलं यंत्र. डायनासोर नव्हे.

आणि मोजायचंच आहे ना, तर पंपच मोजा की. नेहमीच्या पंपात २०० फवारे असतात. ते संपले तरी दाबल्यावर फुस्स होतंच, कारण वायू शिल्लक असतो. औषध नसतं. बऱ्याच डब्यांवर आकडा दाखवणारी खिडकी नसते, म्हणून काही घरांत डबी पाण्यात सोडून तरंगते का ते बघतात. हा निकाल भरवशाचा नाही, हे डॉक्टर सांगून थकले. २०० मधून वजाबाकी करणं हे फोनच्या डाव्या हाताचं काम. ॲपमध्ये ते सापडतं का? सापडतं. सेटिंगमध्ये, तिसऱ्या मेनूत, मुकुटाच्या खाली.

पीक फ्लोचा थाट मात्र पहिल्या पानावर. नळीत जोरात फुंकायचं, आकडा भरायचा. मुलाच्या स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांवर हिरवा, ५० ते ८० पिवळा, खाली लाल. पाच वर्षांखालच्या पोराला धड फुंकताच येत नाही, पण वय दोन टाकलं तरी रकाना हजर. आणि लाल आला की ॲप काय करतं? तातडीची सूचना पाठवतं. कुणाला? आईला.

जी शेजारीच बसलीय.

हवेचा आकडाही झळकतो. तो येतो काही किलोमीटरवरच्या केंद्रातून. घरात काय चाललंय? सकाळी उदबत्ती, संध्याकाळी धूप, रात्री डासांची कॉइल. मिरचीची फोडणी. पावसाळ्यात भिंतीला ओल, खिडकीत कबुतरं, समोर टॉवरचं बांधकाम. बाबा सिगारेट ओढतात, पण फक्त गॅलरीत. धूर शिस्तीचा असल्याने आत येत नाही! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. 'आज तुझ्याजवळ कुणी धूर केला का?' हा प्रश्न ॲपमध्ये घाला बघू. मूल उत्तर देईल, आणि दुसऱ्या दिवशी ॲप फोनवरून गायब.

पोरावर पाळत ठेवणं सोपं असतं. ते उलट पाळत ठेवत नाही.

पाळतीवरून आठवलं. २०२३ च्या आपल्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं ते मूल. त्याची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येण्याजोगी संमती हवी, त्याच्या वागण्यावर नजर ठेवायला आणि त्याच्यावर नेम धरून जाहिराती करायला मनाई. आरोग्यसेवेला काही सवलती आहेत, पण डायनासोर विकणारा डॉक्टर होतो का? संमतीपत्र चौदा पानी असेल. आई ते पहाटे तीनला वाचेल.

खरी गोची तर ॲपच्या बाहेर आहे. पंपाची सवय लागते, असं मावशीने सांगितलंय. मग सिरप चालतं. आता हिशेब बघा. सालब्युटामॉलच्या ५ मिली सिरपमध्ये २ मिलिग्रॅम औषध, पंपाच्या दोन फवाऱ्यांत २०० मायक्रोग्रॅम. म्हणजे दहापट औषध पोटातून साऱ्या अंगभर गेलेलं चालतं, त्याचा दशांश थेट फुप्फुसात गेला की मावशी घाबरते. मग कोजागिरीला चांदण्यातलं औषधी दूध. मृगाला हैदराबादेत जाऊन जिवंत मासा गिळणं. त्याला कुणी ओटीपी मागत नाही.

आणि ॲपमधल्या 'आजार' या रकान्यात काय भरतात? 'थोडी ॲलर्जी.' मुलगी असेल तर तेवढंही नाही. उद्या स्थळं यायची आहेत.

जगातले सुमारे १३ टक्के दमेकरी भारतात, आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंत आपला वाटा ४० टक्क्यांच्या वर. एवढी दरी चांदण्या वाटून बुजणार?

पंप जन्माला आला कसा, तेही ऐका. १९५५ साली अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीजच्या जॉर्ज मेसन यांची तेरा वर्षांची दमेकरी लेक औषधाच्या काचेच्या पिचकारीला वैतागली होती. तिने बापाला विचारलं, केसांच्या फवाऱ्यासारखं औषध का नाही मिळत? १९५६ साली पंप बाजारात. बापाने डायनासोर आणला नाही. प्रश्न ऐकला.

आपल्या बैठकांनाही मुलं असतात हो. शेवटच्या स्लाइडवर, हसरी, कुठल्याशा फोटोसाठ्यातून विकत घेतलेली.

आता लोकार्पण. मुहूर्त ठरलेला, मे महिन्याचा पहिला मंगळवार, जागतिक दमा दिन. वातानुकूलित सभागृह, खाली जुना धुळकट गालिचा. दीपप्रज्वलन होईल, उदबत्त्यांचा जुडगा लागेल, पाहुण्यांवर अत्तराचा शिडकावा होईल. डायनासोरचा मुखवटा घातलेला माणूस नाचेल. दम्याची मुलं पहिल्या रांगेत, मान्यवरांसोबत फोटो काढायचा ना!

पंप कुणाच्या पिशवीत आहे, तेवढं संयोजकांनी आधी विचारून ठेवावं.