शीतक-परीक्षा: दीपनगर व पंचक्रोशीसाठी

संगणकाचा प्रोसेसर, म्हणजे त्याची सारी आकडेमोड करणारी चिप, जेवढी वीज घेतो तेवढी जवळजवळ सगळी उष्णतेच्या रूपाने परत देतो. आणि ही उष्णता चिपच्या पाठीवरून उचलून खोलीतल्या हवेच्या हवाली करणारी धातूची पाती व त्यांवरचा पंखा मिळून जे उपकरण होते, त्यास शास्त्रशुद्ध भाषेत शीतक म्हणावे. नुसते ‘कूलर’ म्हटल्यास भुसावळ तालुक्यात समोरचा माणूस खिडकीकडे पाहतो आणि पाणी भरले आहे का असे विचारतो, म्हणून ही खबरदारी.

दीपनगर, फेकरी आणि वरणगाव रस्त्याच्या भागात या शास्त्राचे दोन संप्रदाय आढळतात. पहिला संप्रदाय सुटे भाग आणून घरीच संगणक जोडणाऱ्या तरुणांचा असून ‘पंखा फिरी राह्यला ना भो, मग झालं’ हे त्याचे एकमेव सूत्र आहे. दुसरा संप्रदाय दीपनगरच्या औष्णिक विद्युत केंद्रातून निवृत्त झालेल्या पाळीवाल्यांचा आहे. २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती कंपनी झाली, तरी ही मंडळी आजही ‘बोर्डात होतो’ असेच सांगतात, आणि क्वार्टर सोडून स्वतःचे घर बांधले तरी केंद्राच्या धुराड्याकडे पाहिल्याशिवाय सकाळचा चहा घेत नाहीत. त्यांना येथे एकत्रितपणे आप्पा म्हटले आहे. १९८२ साली सुरू झालेल्या २१० मेगावॅटच्या तिसऱ्या संचाच्या नोंदी ज्यांनी तासातासाला लिहिल्या, त्या आप्पांना नातवाच्या टेबलाखाली ६५ वॅटचे यंत्र विनानोंद चालू आहे ही गोष्ट सहन होत नाही. त्यांची वही, तिच्यातील आखलेले रकाने आणि ‘शेरा’ या रकान्यात लिहिलेले ‘नॉर्मल’ यांची घरात भरपूर थट्टा होते. तथापि परीक्षेची पद्धत आप्पांचीच बरोबर आहे, हे पुढील विवेचनावरून दिसेल.

परीक्षेचा आरंभ खोलीच्या तापमानापासून करावा. हवेवर चालणारे शीतक प्रोसेसरला भोवतालच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, कारण उष्णता गरमाकडून थंडाकडेच जाते, आणि म्हणून प्रोसेसर खोलीपेक्षा किती अंशांनी अधिक तापला आहे तेवढेच मोजायचे असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात बाहेरचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा पश्चिमेच्या खोलीत ४२ अंश असणे यात नवल नसते. अशा खोलीत पूर्ण भाराखाली ८८ अंश दाखवणारा प्रोसेसर भोवतालापेक्षा ४६ अंश वर असतो आणि त्याचे शीतक आपले काम चोख बजावत असते. तोच ८८ चा आकडा पुण्याच्या २८ अंशांच्या खोलीत ६० अंशांचा फरक सांगतो, व तेथे मात्र संगणकाची पेटी उघडून पाहण्याची वेळ आलेली असते. ही साधी वजाबाकी न करता फोनवरून ‘मामा, ८८ म्हणजे डेंजर, कूलर बदला’ असा निकाल देणाऱ्या पुण्याच्या भाच्यांनी एकदा मेच्या दुपारी दोन वाजता भुसावळ स्थानकावर उतरावे आणि रिक्षात बसण्यापूर्वी तिच्या दांडीला हात लावून पाहावा.

आप्पांना ही वजाबाकी शिकवावी लागत नाही. टर्बाइनमधून काम करून बाहेर पडलेल्या वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या पात्रास कंडेन्सर म्हणतात, आणि त्याची प्रकृतीही नुसत्या तापमानावरून न ठरवता आतल्या वाफेचे तापमान व नळ्यांतून बाहेर पडणाऱ्या थंडाव्याच्या पाण्याचे तापमान यांतील अंतरावरून ठरवतात. हे अंतर वाढत गेले की नळ्यांत मळ साचला असे समजायचे. उन्हाळ्यात आकडे वर जाणारच, अंतर वाढता कामा नये, हा तेथील धडा येथेही जसाच्या तसा लागू पडतो.

घाबरण्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. इंटेलच्या बहुतेक अलीकडच्या डेस्कटॉप प्रोसेसरांना १०० अंश आणि एएमडीच्या रायझेन ७००० मालिकेतील बहुतेकांना ९५ अंश ही कमाल मर्यादा असून तेथे पोहोचताच प्रोसेसर जळत नाही, तर आपला वेग आपणच कमी करतो. यास थ्रॉटलिंग म्हणतात. आप्पा ‘लोड उतरवला’ म्हणतात, आणि ते अधिक समजते. खोक्यावरचा ६५ वॅट हा आकडाही शब्दशः घेऊ नये. इंटेलचा आय-फाइव्ह १२४०० याची पायाभूत शक्ती ६५ वॅट असली तरी जोरात आल्यावर तो ११७ वॅटपर्यंत जातो.

यानंतर भार-चाचणी. रिकाम्या बसलेल्या संगणकाचे तापमान पाहून शीतकाविषयी मत देणे म्हणजे संच बंद असताना कंडेन्सर उत्तम चालल्याचा दाखला देणे होय. सिनेबेंचसारखी सर्व गाभ्यांना कामाला जुंपणारी आज्ञावली वीस मिनिटे सलग चालवून, एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या आज्ञावलीत दिसणारे तापमान दर मिनिटाला टिपावे, आणि आकड्यापेक्षा चढण कशी आहे ते पाहावे. भार पडताच एकदोन सेकंदांत पारा मर्यादेला भिडत असेल आणि भार काढताच तितक्याच झटक्यात कोसळत असेल, तर उष्णता शीतकापर्यंत पोहोचतच नाही, म्हणजे चिप व शीतकाचा तळ यांचा मिलाफ नीट झालेला नाही. उलट पारा पाच-दहा मिनिटे हळूहळू चढतच राहिला, तर उष्णता पात्यांपर्यंत येते पण तेथून हवेत जात नाही. अशा वेळी पात्यांत बसलेली केंद्राची राख, थकलेला पंखा किंवा पेटीत कोंडलेली हवा यांचा संशय घ्यावा. पेटीची बाजूची झडप काढून तीच चाचणी पुन्हा घ्यावी. पाचसात अंशांचा फरक पडल्यास शीतक निर्दोष, पेटी दोषी.

यांपैकी पहिल्या निदानाची, म्हणजे मिलाफ नीट नसल्याची, गावठी पण खात्रीची पडताळणी हाताने होते. संगणक बंद करून, प्लग काढून, ताबडतोब पात्यांच्या बुडाला जपून बोट लावावे. मघाशी पडद्यावर ९८ अंश होते आणि पाती कोमट आहेत, तर निदान पक्के. कारणे ठरलेली आहेत: इंटेलच्या खोक्यातल्या शीतकाच्या चार खुंट्यांपैकी एक ‘टक्’ न होता अर्धवट बसलेली असते, किंवा थर्मल पेस्ट, म्हणजे दोन धातूंमधल्या सूक्ष्म फटी भरणारा लेप, वाळून खडू झालेला असतो, किंवा, आणि हे लिहिताना शास्त्रीय संयम सुटतो, तळाला चिकटवलेला प्लास्टिकचा पापुद्रा कोणी काढलेलाच नसतो. त्यावर ‘इन्स्टॉल करण्यापूर्वी काढा’ असे छापलेले असते. वाचायला काय जाते?

तांब्याच्या नळ्या असलेल्या शीतकापुढे आप्पा थोडा वेळ गप्प होतात, आणि ते रास्त आहे. हीट पाइप नावाची ही नळी आतून निर्वात करून तिच्यात थोडेसे पाणी कोंडलेले असते. दाब कमी असल्याने ते चिपच्या बाजूला सहज उकळते, वाफ पात्यांच्या बाजूला जाऊन थंड होते, आणि झालेले पाणी नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून, समईच्या वातीत तेल चढावे तसे, आपोआप परत येते. म्हणजे बॉयलर आहे, व्हॅक्यूम आहे, कंडेन्सर आहे, फक्त टर्बाइन नाही आणि बॉयलरला पाणी पुरवणारा फीड पंप नाही. अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये ही युक्ती सिद्ध केली. पंपाच्या दुरुस्तीसाठी रात्री-अपरात्री बोलावणे आलेल्या माणसास तिचे मोल इतरांपेक्षा अधिक कळते.

पंख्याच्या आवाजावरून शीतकाविषयी काहीही ठरवू नये.

खिडकीतल्या कूलरचा झोत संगणकावर घेणे हा या भागातील सार्वत्रिक प्रमाद आहे. तो कूलर आणि केंद्रातील शीतकरण मनोरे पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतात, त्यामुळे कोरड्या हवेत ते भोवतालच्या तापमानाच्याही खाली जाऊ शकतात, व संगणकालाही त्याचा लाभ मिळतो हे खरे. परंतु केंद्राच्या वेल्हाळे येथील राखतलावाकडून वारा सुटला की जी बारीक, गोल कणांची राख घरात येते, तिला हा ओलावा भेटतो आणि पात्यांमध्ये असा गिलावा तयार होतो की तो फुंकरीने जात नाही. संगणक झोतापासून दूर ठेवावा आणि मेच्या सुरुवातीस व दिवाळीपूर्वी त्याची सफाई करावी.

सफाईस आप्पा ओव्हरहॉल म्हणतात आणि परमिटशिवाय हात लावू देत नाहीत: प्लग काढलेला, बटणावर ‘काम चालू आहे’ अशी चिठ्ठी, खाली नातवाची सही. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, अन्यथा तो भलत्याच वेगाने फिरून त्याचे बेअरिंग जाते. काम खोलीत करू नये, कारण उडालेली राख संध्याकाळपर्यंत पुन्हा पेटीत जाऊन बसते. ते गच्चीवर करावे. मात्र मे महिन्यात गच्चीचा ताबा घरातील बायकांकडे असतो, तेथे ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापड, वाळत घातलेल्या असतात, आणि आप्पांच्या परमिटावर त्यांची सही नसते. बिबड्या उचलून झाल्याचे जिन्यावरून ओरडून विचारून घ्यावे, आणि होकार आल्यावरच ब्लोअर सुरू करावा.