साम्राज्याचे मोजे

रोमन साम्राज्य म्हटलं की डोळ्यांपुढे सीझर, रथ, झग्यातले सिनेटर असं काहीबाही येतं. विंडोलँडाच्या खड्ड्यात उतरलं की पहिल्यांदा येते ती दुर्गंधी.

हा किल्ला इंग्लंडच्या उत्तरेला, हेड्रियनच्या भिंतीच्या जरा दक्षिणेला. इ. स. १२२ मध्ये भिंतीचं काम निघालं, त्याच्याही आधीपासून इथे रोमन फौजेचा तळ होता. किल्ला लाकडी, जुना पाडायचा, त्यावर चिकणमाती नि गवताची ढेकळं पसरायची आणि वर नवा उभारायचा. खाली हवा पोचेना, म्हणून कातडं, लाकूड, कापड काहीच धड कुजलं नाही. वाससुद्धा इमानाने टिकला.

इथे हौशी लोकांना खणायला घेतात, आणि पैसे खणणाऱ्यानेच भरायचे असतात. विद्यार्थी असताना मी हे फोनवर सांगितलं, तेव्हा आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे मजुरी आपण करायची आणि रोजही आपणच द्यायचा?”

तिथला उन्हाळा म्हणजे आपला आषाढ, फक्त जास्त गार. रेनकोट घालून गुडघे टेकायचे, ट्रॉवेलने चिखल तासायचा, ढकलगाडी भरायची, ओतून यायची. इंडियाना जोन्स सिनेमात ढकलगाडी का ढकलत नाही, ते मला पहिल्याच दुपारी कळलं.

चिखलातून निघतात ते जोडे. हजारो सापडलेत, शिपायांचे, बायकांचे, पोराबाळांचेही. शौचालयाची एक लाकडी बैठकही मिळाली आहे, वापरून गुळगुळीत झालेली. साम्राज्यं कशावर उभी असतात याचा ऊहापोह इतिहासकारांनी पुष्कळ केला. बसत कशावर होती, हे चिखलाने सांगितलं.

पण खरं वैभव पत्रांचं. १९७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्ली यांना लाकडाचे पातळ पापुद्रे मिळाले, रंध्याच्या ढलप्याच वाटाव्यात असे. उलगडले तर आत शाई! ती बघता बघता फिकी पडली, मग इन्फ्रारेड छायाचित्रांवरून वाचली. सम्राटाचे खलिते निघतील असं कुणालाही वाटेल. निघाली ती कुणीतरी कुणालातरी मोजे आणि चड्ड्या पाठवल्याची खबर. क्लॉडिया सेव्हेरा आपल्या मैत्रिणीला, सुल्पिशिया लेपिडिनाला, ११ सप्टेंबरला वाढदिवसाला ये म्हणते. मजकूर लेखनिकाचा, शेवटच्या ओळी तिच्या स्वतःच्या हातच्या. बाईच्या हातचं इतकं जुनं लॅटिन फारच थोडं उरलंय, आणि ते सगळं आग्रहावर खर्च झालंय. मला हे अगदी योग्य वाटतं.

मास्क्लस नावाचा घोडदळाचा नायक वरिष्ठांना विचारतो, उद्या काय करायचं ते कळवा. आणि जाता जाता, शिपायांकडची बिअर संपली आहे, पाठवून द्यावी.

ती पोचली की नाही, कुणास ठाऊक. माझ्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका खणत. मनातल्या मनात मी त्यांना आजी म्हणायचो. आपण दरवर्षी मास्क्लसच्या पत्राचं उत्तर शोधायला येतो, असं त्या गंभीर चेहऱ्याने सांगत. एके दिवशी आमच्या वाट्याला गुराचं एक हाड आणि गंजका खिळा आला. आजींनी खिळा उलटसुलट करून पाहिला, “बिअरच्या पिंपाचा असणार,” म्हणाल्या, आणि पिशवीवर नीट अक्षरात नुसतंच ‘खिळा’ असं लिहून मोकळ्या झाल्या.