परदेशवारी कशी सांगावी? संग्रामपूरकरांसाठी सहा नियम

परदेशी जाणं आता अवघड राहिलेलं नाही. पासपोर्ट निघतो, कर्जही मिळतं. अवघड आहे ते परत आल्यावर चहाच्या टपरीवर ती वारी सांगणं. समोर तुरीच्या भावावर तासभर वाद घालणारी मंडळी बसलेली असतात. त्यांना आयफेल टॉवरची उंची ऐकवून भागत नाही. होतकरू प्रवाशांनी पुढील नियम पाठ करावेत.

1. सुरुवात शेगावपासून करा. संग्रामपुरात रेल्वे नाही. पॅरिसला जा की पुण्याला, आधी शेगाव गाठावं लागतं. कथेतला एवढाच भाग श्रोत्यांना तपासता येतो, म्हणून तो तंतोतंत खरा असावा. एसटी किती उशिरा आली, वरवट बकालला कोण चढलं, स्टेशनावर कचोरी गरम होती का, सगळं सांगा. इथे विश्वास बसला की पुढचे हजारो किलोमीटर कोणी मोजत नाही.

2. इमारत सांगू नका, शूटिंग सांगा. रोममधलं प्राचीन चर्च म्हटलं की श्रोता तंबाखू मळायला घेतो. त्याऐवजी ‘रोमन हॉलिडे’ (1953) काढा. त्या चर्चच्या ओसरीत दगडी तोंड आहे. खोटारड्याने त्यात हात घातला तर ते हात तोडतं, अशी समजूत. ग्रेगरी पेकने हात घातला आणि बाहेर काढला तो पंजा बाहीत लपवून. ऑड्रे हेपबर्नला आधी काही सांगितलेलं नव्हतं. पडद्यावरची तिची किंकाळी खरी आहे. हा प्रसंग फुलबाह्यांच्या सदऱ्यात, पानठेल्यावरच्या बरणीत हात घालून करून दाखवावा. बरणी ठेलेवाल्याला विचारून घ्यावी.

3. प्रत्यक्ष जाण्याचा हट्ट नको. ‘कासाब्लांका’ (1942) हा मोरोक्कोतला अजरामर सिनेमा जवळजवळ सगळा कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत उरकला. शेवटच्या प्रसंगात धुक्यात उभं असलेलं विमान म्हणजे छोटी नकली प्रतिकृती. ती मोठी दिसावी म्हणून भोवती बुटकी माणसं उभी केली होती. सिनेमातला कॅफे खऱ्या कासाब्लांका शहरात उघडला 2004 साली! लोक तिथे जाऊन, जे तिथे कधीच घडलं नाही त्याच्या आठवणीने डोळे पुसतात. मग तुम्ही मोरोक्कोला न जाता मोरोक्को सांगितलात, तर बिघडलं कुठे?

4. भूगोलाला भिऊ नका. ‘द साउंड ऑफ म्युझिक’च्या (1965) शेवटी ट्राप कुटुंब साल्झबर्गचा डोंगर चढून स्वित्झर्लंडकडे निघतं. त्या डोंगरापलीकडे आहे जर्मनी, म्हणजे ज्याच्यापासून पळायचं त्याचंच अंगण. खरं कुटुंब मुकाट्याने आगगाडीत बसून इटलीला गेलं. ‘द थर्ड मॅन’मध्ये (1949) ऑर्सन वेल्सने ककू घड्याळ बिनदिक्कत स्विस लोकांच्या नावावर लावलं, मूळ ते जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टचं. दोन्ही सिनेमे अजून चालतात. आवाज चढा ठेवावा, नकाशा मागवू नये. मात्र ‘द थर्ड मॅन’मध्ये दिसणाऱ्या व्हिएन्नातल्या मोठ्या पाळण्याची उंची, सुमारे 65 मीटर, अचूक सांगावी. यात्रेतला पाळणा सगळ्यांनी पाहिलेला असतो.

5. खर्चाचा प्रश्न अंगावर घेऊ नका. “पैसे किती लागले, भाऊ?” हे येणारच. खरा आकडा सांगितला तर संध्याकाळपर्यंत दोघे उसने मागायला येतात. ताबडतोब राज कपूरचा ‘अराउंड द वर्ल्ड’ (1967) पुढे करा. परकीय चलनाची टंचाई होती त्या काळात त्यातला नायक आठ डॉलर घेऊन जग हिंडतो. बोलणं तिकडे वळलं की चहाचे पैसे आपण द्यावेत आणि विषय मिटवावा.

6. “आणलं काय?” याचं उत्तर तयार ठेवा. इथे चॉकलेटं आणि फ्रिजला चिकटणारे मनोरे कामाचे नाहीत. इथे दादासाहेब फाळके सांगावेत. 1912 साली हा माणूस लंडनला गेला, ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांना गाठलं, हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहिला, विल्यमसन कॅमेरा मागवला आणि घरी परतला. विम्याची पॉलिसी गहाण पडली होती. असा माणूस पडद्यावर आधी काय दाखवेल? टेम्स नदी? राजाचा वाडा? फाळक्यांनी कॅमेरा लावला तो कुंडीतल्या वाटाण्यावर. रोज थोडं थोडं चित्रण करून त्यांनी दाण्याचा वेल होताना दाखवला. ते पाहून भांडवल देणारा तयार झाला आणि 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

इथवर आलात की गप्प बसा. मंडळींचं तंबाखू मळणं थांबलेलं असेल. रोम, मोरोक्को, आठ डॉलर, सगळं केव्हाच विसरलेलं असेल. खारपाणपट्ट्यात जन्म काढलेला एखादा म्हातारा चष्मा सारखा करून विचारेल, “त्या वाटाण्याला पाणी गोडं होतं का खारं?”

हा प्रश्न आला म्हणजे समजा, तुमचं तिकीट वसूल झालं.