अण्णांच्या पेटीने मारली शिट्टी

वहिनी, पापड वाळत घालून झाले असतील तर या जरा कठड्याशी. मागे एका रात्री नऊला शिट्टी वाजली होती ना, ती माझ्या कुकरची नव्हती हो. तुमच्याही कुकरची नव्हती. आपल्या भजनवाल्या अण्णांची होती!

आपला पखवाजवाला बदलापूरला राहायला गेला, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. गुरुवारचं भजन उरकायचं, चिंचपोकळीहून दादर, तिथे गाडी बदलायची, घरी पोचेस्तोवर एक. दोन महिने आला बिचारा, मग थांबला. दर गुरुवारी पखवाजाला कणकेचा गोळा माझ्याकडून जायचा, तोही बंद. अण्णा नुसत्या पेटीवर गायचे आणि मधेच मांडीवर ठेका धरायचे.

मग नातू म्हणाला, "आजोबा, माणूस कशाला शोधताय? लॅपटॉप करेल साथ." असलं सॉफ्टवेअर तिकडे कॅनडात १९९० सालीच निघालं होतं म्हणे, बँड-इन-अ-बॉक्स नावाचं. डब्यातला बँड! आता तसली ढीगभर मिळतात. त्यातलंच एक त्याने घातलं आणि माळ्यावरचा जुना कीबोर्ड खाली काढला.

त्याच्या मागे पाच-पाच भोकांच्या दोन गोल खाचा. एकीवर इन, दुसरीवर आउट. लॅमिंग्टन रोडवरून मिडी म्हणतात ती केबल आली. अण्णांनी चष्मा लावून इनमध्ये इन खुपसलं, आउटमध्ये आउट. हूं नाही की चूं नाही. नंतर कळलं, कीबोर्डचं बोलणं ते कॉम्प्युटरचं ऐकणं, म्हणजे याच्या आउटमध्ये त्याचं इन जायला हवं. हे म्हणजे आपल्या चाळीच्या मीटिंगसारखं झालं, दोन्हीकडून बोलणंच आणि ऐकायला कुणी नाही.

मग आवाज आला, पण उशिरा. पट्टी आत्ता दाबली तर सूर मागाहून, गाडी गेल्यावर अनाउन्समेंट यावी तसा. नातवाला काही सुधरेना. शेवटी खालच्या मजल्यावरच्या त्या मुलाला बोलावलं. तोच हो, बँजो पार्टीतला! चिंतामणी गणपतीच्या आगमनाला ऑक्टोपॅड बडवतो आणि आपण कानात बोटं घालतो, तो. मी तर म्हटलं, हा काय दिवे लावणार? पण आपल्या चाळीत या विद्येतला मास्तर तोच निघाला. त्याने सांगितलं, १९८५ चा पहिला ऑक्टोपॅड स्वतः मुका होता. त्याच्या आत आवाजच नव्हता. काठी मारली की तो मिडीच्या तारेतून नुसता निरोप धाडायचा आणि वाजायचं दुसरंच यंत्र.

तारेतून सूर जातच नाही, वहिनी. कुठली पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली, एवढाच निरोप जातो. तो जोरसुद्धा आकड्यात, १२७ पर्यंत. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या मेळ्यात एका जपानी कंपनीचा आणि एका अमेरिकन कंपनीचा कीबोर्ड अशा तारेने जोडून दाखवले. इकडे आपल्या गिरण्यांच्या संपाला तेव्हा वर्ष झालं होतं. आपल्याला कुठलं सूर-तारांचं सुचायला.

तर उशीर का? कॉम्प्युटर म्हणे आवाज बादलीत भरतो आणि बादली भरली की ओततो. सेकंदाला ४४,१०० थेंब. बादली २,०४८ थेंबांची, म्हणजे सेकंदाचा विसावा हिस्सा तिथेच गेला. भजनात तेवढ्यात सम चुकते. बादली ६४ थेंबांवर आणली, तर शेंगदाणे भाजल्यासारखं तडतडायला लागलं. शेवटी २५६ वर जमलं. आपल्या नळाचं गणित यापेक्षा काय वेगळं?

आणि मग ती शिट्टी! अण्णांनी पांढरी एक धरली, डोळे मिटले, सा लावला, तर बोंगो वाजला. रे, ग ला कोंगो, म ला टिंबाले, प ला घंटा, ध ला खुळखुळा. नी ला आखूड शिट्टी आणि वरच्या सा ला चांगली लांब. काकू आतून ओरडल्या, "अहो, गॅस बंद करा!"

त्या मुलाने हसत हसत समजावलं. मिडी म्हणजे सोळा खोल्यांची चाळ. १९९१ साली ठरल्याप्रमाणे दहाव्या खोलीत ढोल-ताशेवाल्यांचं बिऱ्हाड. अण्णांचा निरोप पहिल्या खोलीऐवजी दहाव्या खोलीत जात होता, एवढंच. तिथे सा-रे-ग कोण ओळखणार? त्याच वेळच्या यादीत १२८ वाद्यं आहेत. सतार आहे, सनईसुद्धा आहे, पण पेटी नाही आणि तबलाही नाही. अण्णांनी २१ नंबरचा रीड ऑर्गन घेतला. पेटीची चुलत बहीण म्हणायची.

पुढची पंचाईत ठेक्याची. सॉफ्टवेअर चौकटीचौकटीत कॉर्ड मागतं. अभंगाला कुठले कॉर्ड? सगळ्या चौकटींत एकच भरला. ठेके बघावेत तर वॉल्ट्झ, बोसानोव्हा. मग त्या पोराने ऑक्टोपॅडवर आठ मात्रांचा भजनी ठेका स्वतः वाजवून भरला. इतका गोड वाजवला की मी दारात उभी राहून ऐकला. गणपतीत आपण याला नावं ठेवतो, मीसुद्धा ठेवते.

गुरुवारी लावला. अभंग छान झाला, खोटं कशाला बोलू. पण गजर सुरू झाला तसे अण्णा चढले, टाळ चढले, आणि ठेका आपला ९० लाच. नातवाने घाईघाईने आकडा वाढवला तो एकदम ११० ला उडाला, आणि टाळवाल्या मावशींचे हात हवेतच राहिले. पखवाजवाला अण्णांच्या मानेकडे बघत वाजवायचा. याला मान कुठून दिसणार?

रियाजाला यंत्र झकास आहे, रोज पहाटे सहाला आपण ऐकतोच. गजराला मात्र माणूसच हवा. त्या पोराला विचारलं, तर गुरुवारी त्याची रात्रपाळी. तेव्हा वहिनी, तुमच्या भाच्याच्या ओळखीत पखवाज शिकणारं कुणी असेल, अगदी कच्चं असलं तरी चालेल, गुरुवारी साडेआठला धाडून द्या. कणीक माझ्याकडची.