हवा मानवली पाहिजे

महाराष्ट्रात राहायला सगळ्यात चांगली हवा कुठली, या वादाचा निकाल मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांनी इंग्रजी अमदानीतच लावून टाकला होता. थंडीत मुंबईचा मलबार पॉइंट, उन्हाळ्यात महाबळेश्वर आणि पावसाळ्यात पुण्याजवळची गणेशखिंड. गणेशखिंडीच्या त्या इमारतीत आता विद्यापीठ आहे, पण आजच्या राज्यपालांनाही मुंबई, पुणे, नागपूर आणि महाबळेश्वर अशी चार निवासस्थानं आहेत. बाकीच्या जनतेला घर एकच घ्यायचं असतं, तेही हप्त्यांवर. त्यामुळे घोळ होतो.

डोंबिवलीतल्या एका निवृत्त जोडप्याचा घोळ जरा जास्तच झाला. काका नागपूरचे, काकू रत्नागिरीच्या. नोकरीपायी सगळा संसार डोंबिवलीत गेला. तिथली हवा दोघांनाही मानवली नाही, आणि निदान त्या एका मुद्द्यावर एकमत असल्यामुळे संसार सुखाचा झाला. पेन्शन सुरू झाल्यावर ‘आता हवा बघून घर घेऊ’ असं ठरलं आणि एकमत संपलं.

नागपूरच्या माणसाला उन्हाची तक्रार करायची नसते, आकडा सांगायचा असतो. 23 मे 2013 रोजी तिथे पारा 47.9 अंशांवर गेला होता. तो दिवस काका घरचं कार्य सांगावं तसे सांगतात. मे 2024 मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले आणि देशभर खळबळ उडाली. पुढे हवामान खात्यानं सेन्सरच बिघडल्याचं सांगितलं, तेव्हा देशानं सुटकेचा निःश्वास टाकला. काकांनी मात्र खात्यालाच दोष दिला.

‘‘आमच्याकडचं ऊन कोरडं असते वं,’’ ते म्हणतात. एरवी डोंबिवलीची भाषा बोलणारे काका उन्हाचा विषय निघाला की वऱ्हाडीवर येतात. ‘‘घाम म्हून येत नाही!’’

घाम येतो. पण कोरड्या हवेत तो दिसायच्या आत उडून जातो आणि जाताना अंगातली उष्णता घेऊन जातो. नागपुरी कूलर चालतो तोही याच तत्त्वावर. होळी झाली की तो माळ्यावरून उतरतो, खिडकीत बसतो, त्याला नव्या ताट्या लागतात, पाण्याच्या बादल्या ओतल्या जातात आणि घरभर ओल्या वाळ्याचा वास सुटतो. हाच कूलर काकांनी हौसेनं एकदा सासुरवाडीला नेला होता. रत्नागिरीच्या दमट हवेत आधीच इतकं पाणी असतं की आणखी पाणी उडायला जागाच नसते. खोली गार झाली नाही, फक्त गाद्या ओल्या झाल्या. सासूबाईंनी जावयाचा मान राखून तो गोठ्यात ठेवायला सांगितला.

काकूंचं माहेर म्हणजे वर्षाला 3,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस. चिऱ्याच्या गडग्यांवर शेवाळ चढतं, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, काडेपेटी उशीखाली घेऊन झोपावं लागतं आणि धुतलेली लुगडी चुलीवरच्या वलणीवर चार दिवस धूर खात बसतात. काकू हे सगळं तक्रारीच्या सुरात सांगायला लागतात आणि शेवटी त्यांचे डोळे भरून येतात. शिवाय त्यांच्या हाती एक हुकमी मुद्दा आहे. ‘‘अहो, तुमच्या नागपुरात सरकारसुद्धा डिसेंबरात जातं. 2018 साली पावसाळी अधिवेशन नेलं तिकडे, तर विधानभवनात पाणी शिरून वीज गेली. कामकाज बंद! पाऊस पेलायची सवय लागते, म्हटलं.’’

तडजोड म्हणून दोघं महाबळेश्वरकडे जागा बघून आले. एजंटानं अर्थातच नोव्हेंबरात बोलावलं होतं. गुलाबी थंडी, स्ट्रॉबेरीची रोपं, समोर दरी. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पडणारा पाऊस त्या दिवशी कुठेच दिसत नव्हता. पण काकू कोकणातल्या. त्यांनी दरीकडे पाठ फिरवून कपाटाच्या मागची भिंत पाहिली, बोट फिरवलं, हुंगलं आणि ‘‘चला’’ म्हणाल्या.

मग कोणीतरी सुचवलं की मुंबईतच जरा सरकून बघा. हे वाटतं तितकं खुळं नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला अवघा 73. पण कुलाब्यातल्या जागेचा भाव ऐकल्यावर काकांना मेमध्ये नागपुरातही फुटला नसेल असा घाम फुटला.

उरलं पुणे. पुणेकरांना आपल्या हवेबद्दल जो आत्मविश्वास असतो, त्याला सरकारी पाठबळ आहे. 1928 मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं. पुढे ते दिल्लीला गेलं, तरी शिवाजीनगरच्या त्या चौकाला लोक अजून सिमला ऑफिस चौकच म्हणतात. उंची साधारण 560 मीटर, पाऊस 750 मिलिमीटरच्या आसपास, सगळं कसं बेताचं. थंडीत तर कित्येक रात्री पुणं महाबळेश्वरलाही मागे टाकतं. निरभ्र रात्री गार हवा जड होऊन सखल भागात साचते, डोंगरमाथ्यावर ती टिकत नाही, एवढंच त्यामागचं कारण. पण ही बातमी पेपरात आली की पुणेकर ती महानगरपालिकेची कामगिरी असल्यासारखी वाचतो. उन्हाळ्यात हाच पुणेकर ‘पूर्वी आमच्याकडे पंखे नव्हते’ असं पंख्याखाली बसून सांगतो.

तर कोथरूडमध्ये पाचव्या मजल्यावरचा एक फ्लॅट. किंमत आसपासच्यांपेक्षा चक्क कमी. एजंट स्वयंपाकघर दाखवत राहिला, लिफ्ट दाखवली, पार्किंग दोनदा दाखवलं. गच्चीचं दार काही उघडेना. शेवटी काकूंनीच कडी काढली. चार वाजले होते. पश्चिमेचं ऊन फरशीवर सणसणीत पसरलं होतं. काकांनी चप्पल काढून पाय टेकवला, चटका बसला, आणि त्यांचा चेहरा खुलला. काकूंनी गच्चीची लांबीरुंदी पावलांनी मोजली. जन्मभर ढगांशी आणि डोंबिवलीच्या बंद बाल्कनीशी झुंजत आमसुलं, पापड आणि फणसपोळी वाळवलेली बाई ती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हप्ता, देखभाल खर्च, सगळं नजरेतच ठरलं.

एजंटाला त्या शांततेचा भलताच अर्थ लागला.

‘‘काका-काकू, उन्हाचं टेन्शन नका घेऊ,’’ तो घाईघाईनं म्हणाला, ‘‘समोर बावीस मजली टॉवर येतोय. दिवाळीपर्यंत स्लॅब पडायला लागले की या गच्चीत उन्हाची तिरीपसुद्धा येणार नाही.’’

काकूंनी पर्स काखेत मारली. ‘‘दुसरा दाखवा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि असाच, तापणारा.’’