निरोगीराव, एकदा तरी हजर व्हा!

प्रति,
श्री. निरोगीराव धडधाकटे,
मु. नियमावली, पो. शासन निर्णय,
ता. व जि. सर्वत्र.

विषय : आपल्यासाठी राखून ठेवलेल्या खुर्चीवर एका आजारी माणसाला बसू देणेबाबत.

संदर्भ : माझं रक्त (प्रकार ‘एसएस’).

महोदय,

साष्टांग नमस्कार. आज गुडघे बरे आहेत म्हणून साष्टांग; एरवी नुसताच नमस्कार गोड मानून घ्यावा.

आपली-माझी गाठ कधी पडली नाही, पण मी आपल्याला पुरता ओळखतो. ‘उमेदवार शारीरिकदृष्ट्या सक्षम असावा’ असं जाहिरातीत छापतात, तो उमेदवार आपण. पावणेदहाला अंगठा लावून सव्वासहापर्यंत जो खुर्चीवरून हलत नाही, ज्याला तहान लागत नाही आणि म्हणून लघवीलाही उठावं लागत नाही, ज्याचा ताप शनिवारी चढतो आणि रविवारी संध्याकाळी आज्ञाधारकपणे उतरतो, तेही आपणच. वर्षाला आठ नैमित्तिक रजा पुरतात हा हिशेब आपल्याकडे बघूनच केला असणार. त्यातल्या निम्म्या आपण लग्नसराईत उडवता असं ऐकतो.

मी मानोरा तालुक्यातल्या इंझोरीचा, जिल्हा वाशीम. एका कचेरीत कंत्राटी संगणकचालक आहे. कचेरीचं नाव सांगत नाही. आमचा करार अकरा महिन्यांचा असतो. तो पुन्हा झाला नाही तर का झाला नाही हे कुणी सांगत नाही, आणि विचारायची पद्धतही नाही.

मला सिकलसेल आहे. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्ल हवं, तिथं व्हॅलिन येऊन बसलं, एवढाच घोटाळा. पण परिणाम असा की आपल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस इमानानं नोकरी करतात, आणि माझ्या दहा-वीस दिवसांतच राजीनामा टाकतात. माझ्या हाडांच्या मज्जेत बारमाही भरती सुरू असते, तरी जागा रिकाम्याच. वर या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात आणि पुढचा रस्ता बंद करतात. मग पाठीत, मांड्यांत, छातीत जी कळ उठते तिला डॉक्टर ‘क्रायसिस’ म्हणतात. आमच्या घरी तिला ‘आलं त्याचं दुखणं’ म्हणतात आणि चुलीवर पाणी ठेवतात.

आई आणि बाप या दोघांपैकी एकाकडूनच हा दोष आला तर माणूस ‘एएस’ होतो, म्हणजे नुसता वाहक. त्याला मलेरियापासून थोडं संरक्षणही मिळतं. दोघांकडून आला की ‘एसएस’. निसर्गानं ही योजना मलेरिया डोळ्यांपुढे ठेवून आखली. रोजगाराचा विचार त्यात दिसत नाही. कारण विदर्भात हा आजार जास्त आढळतो तो आदिवासी, दलित आणि काही इतर मागास समाजांत. म्हणजे ज्यांचं पोट अंगमेहनतीवर, नेमकं त्यांच्याच अंगात.

डॉक्टरांचा सल्ला सोपा आहे. भरपूर पाणी प्या, उन्हात राबू नका, थंडीत कुडकुडू नका, अतिश्रम टाळा, ताप अंगावर काढू नका. आता इंझोरीच्या शिवारात या सल्ल्यात बसेल असं काम दाखवा, निरोगीराव. सोयाबीनची सोंगणी एकरावर ठरते, टोळीनं घेतली जाते आणि मजुरी सगळ्यांत वाटली जाते. त्यात एक बाई दर तासाला धुऱ्यावर जाऊन बसू लागली की बाकीच्या बायांच्या वाट्याला तेवढं काम जास्त येतं. त्या दुष्ट नसतात, त्यांचा हिशेब पक्का असतो. पुढच्या वर्षी तिला कुणी हाक मारत नाही, इतकंच. कापूस वेचणीची मजुरी किलोवर. चैत्र-वैशाखात वावरात जे ऊन पडतं त्याचं वर्णन मी करत नाही. आपल्याला ते लागत नाही.

एका ठिकाणी मात्र सरकारला अक्कल सुचली होती. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रानं १९७७ साली केला. पुढे तीच कल्पना देशानं उचलली. या कामांवर मजुरी खड्ड्याच्या मोजमापावर मिळायची, पण तिथंच पाणी पाजायला, लेकरं सांभाळायला माणूस ठेवायचीही सोय होती, आणि अशी हलकी कामं अपंग, म्हाताऱ्या माणसांना द्यावीत असा संकेत होता. ज्याला फावडं झेपत नाही त्याला तांब्या द्या, रोज दोघांनाही द्या. रोजगार हमीच्या खड्ड्यावर कळलेली ही गोष्ट पंख्याखालच्या कचेरीत अजून पोचायची आहे.

कचेरीत माझी पहिली अडचण म्हणजे माझा चेहरा. तो आजारी दिसत नाही. बाहेरून काही नसतं. डोळ्यांत थोडा पिवळेपणा असतो, तो जागरणावर खपतो. कळ येऊन गेल्यावर कामावर आलो की शेजारच्या टेबलावरून विचारपूस होते : “काहून रे, तब्येत तं झकास दिसते तुही! परवा तं चांगला हासत होता.” तेव्हापासून मी हसण्याचं वेळापत्रक ठेवलं आहे. फार हसलो तर आजार खोटा ठरतो. फार कण्हलो तर माणूस कामाचा नाही असं ठरतं. रजेच्या अर्जाच्या दोन दिवस आधीपासून चेहरा बेताचा ठेवावा लागतो.

दुसरी अडचण दाखल्यांची. नोकरीवर रुजू होताना मी धडधाकट आहे असा दाखला लागतो. सवलत मागायची तर मी किमान ४० टक्के दिव्यांग आहे असा दाखला लागतो. दोन्ही कागद खरे, दोन्हींवर शिक्का, दोन्हींवर फोटो माझाच. दोन्ही एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतो. कोणत्या टेबलावर कोणता काढायचा, हे चुकू नये म्हणून एकाला पिवळा दोरा बांधला आहे.

तिसरी अडचण पाण्याची. या आजारात मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही. म्हणून पाणी जास्त प्यावं लागतं आणि उठावंही वारंवार लागतं. कचेरीतल्या स्वच्छतागृहाची किल्ली शिपाईकाकांकडे, शिपाईकाका टपालाला, टपाल तहसीलला. ‘जागेवर आढळून आला नाही’ असा शेरा माझ्या नावापुढे पडला त्या वेळी मी त्या किल्लीच्याच शोधात होतो.

कायद्याविषयी मात्र तक्रार करायला जागा नाही. कायदा फार प्रेमळ आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यानं ते एकवीस केले आणि त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया ही रक्ताची दुखणी घेतली. नागपूरच्या संपत रामटेके यांच्यासारख्या माणसांनी सिकलसेलग्रस्तांसाठी आयुष्य वेचलं होतं. २०१८ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आम्ही पेढे वाटले. मग त्या कायद्याची कलमं वाचली. बत्तिसाव्या कलमात उच्च शिक्षणात पाच टक्के जागा राखीव आहेत, आणि ४० टक्क्यांचा दाखला असलेल्या सिकलसेलच्या मुलालाही त्या खुल्या आहेत. चौतिसाव्यात सरकारी नोकरीत चार टक्के. तिथं दृष्टी आली, श्रवण आलं, हातपाय आले, मानसिक आजार आले. रक्त आलं नाही. म्हणजे राखीव जागेवरून शिका, पदवी घ्या, आणि नोकरीच्या रांगेत थेट आपल्या मागे येऊन उभे राहा, निरोगीराव.

विसावं कलम आणखी मायाळू. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कामावरून काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही. ते पद झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरं द्यायचं, तेही नसेल तर जादा पद निर्माण करायचं. चूक माझीच आहे. मी सेवेत असताना आजारी पडायला हवं होतं. मी घाई केली आणि आईच्या पोटातच पडलो. शिवाय मी कचेरीचा नाही, कंत्राटदाराचा. कचेरी म्हणते कंत्राटदाराशी बोला, कंत्राटदार म्हणतो काम कचेरीत करता ना?

सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सांगितलं की वाजवी सोय मागायला ४० टक्क्यांचा उंबरठा ओलांडलाच पाहिजे असं नाही. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता आणि त्याला लेखनिक हवा होता. न्यायालयाला पटलं. आमच्या साहेबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “निकाल बरोबर आहे, पण आपल्याला अजून पत्र आलं नाही.”

प्रवासाचंच बघा. सिकलसेलच्या रुग्णाला एसटीच्या साध्या गाडीत शंभर टक्के सवलत आहे, त्याबद्दल महामंडळाचा मी ऋणी आहे. या आजारावरच्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या चालू असल्या की ठरावीक काळानं रक्त तपासावं लागतं. त्या दिवशी इंझोरीहून दवाखान्यापर्यंत मी फुकट जातो, फुकट येतो आणि पूर्ण दिवसाचा पगार गमावतो. एसटी फुकट, दिवस विकत.

१ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा होऊन आमचा वाशीम जिल्हा झाला. बरोबर पंचवीस वर्षांनी, १ जुलै २०२३ ला, मध्य प्रदेशात शहडोलला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहू द्यायचा नाही. चाळीस वर्षांखालच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची. चांगलंच आहे, मीही लोकांना तपासून घ्या म्हणून सांगत फिरतो. कार्ड मिळतं, लग्नाआधी कुणाशी जुळवू नये हे समजावून सांगतात. पण जे आधीच जन्मले, ज्यांचं लग्न झालं किंवा राहिलं, त्यांनी २०४७ पर्यंत खायचं काय, याचा रकाना त्या कार्डावर नाही. पुढच्या पिढीत आजार नको म्हणून सगळे झटताहेत. आजच्या पिढीला पगार हवा, एवढंच माझं म्हणणं.

आता एक गुपित सांगतो, निरोगीराव, रागावू नका. आमच्या साहेबांच्या टेबलाच्या डाव्या खणात साखरेच्या गोळ्यांचं पाकीट आहे. दुपारी जेवायच्या आधी ते खण अर्धा उघडतात, दाराकडे बघतात, गोळी घेतात आणि खण लावून घेतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेही दहा कोटींच्या वर निघाले. आवकजावकच्या बाईंना थायरॉइड आहे. लेखापालांचा रक्तदाब मार्चमध्ये ताळेबंदाच्या वर जातो. माझ्या रजेच्या अर्जावर शेरा मारणारा प्रत्येक हात कुठल्या ना कुठल्या गोळीवर चालतो, आणि प्रत्येकाला वाटतं की आपलं कुणाला कळलं तर खुर्ची जाईल. सगळी कचेरी मिळून आपलं सोंग वठवते आहे, निरोगीराव. मी फक्त वाईट नट आहे.

म्हणून मेहेरबानी नको. पुढील गोष्टी कृपया मार्गी लावाव्यात :

१. टेबलावर पाण्याची बाटली आणि स्वच्छतागृहाची किल्ली. खर्च : एका किल्लीची दुसरी प्रत.

२. तपासणीच्या दिवशी पूर्ण रजेऐवजी तासांची रजा. गेलेले तास मी त्याच आठवड्यात भरून देईन.

३. कळ ओसरल्यावर पहिले दोन दिवस नोंदणीचं काम घरून. संगणक इंझोरीतही चालतो. वीज असेल तेव्हा.

४. करार नव्यानं करताना हजेरीसोबत किती नोंदी केल्या, किती चुकल्या, हेही बघावं. खड्डा मोजून मजुरी देणाऱ्या राज्याला हे जड जाऊ नये.

५. कंत्राटदाराशी करार करताना वरील चार गोष्टी त्यातच लिहाव्यात, म्हणजे कुणाशी बोलायचं हा प्रश्न उरणार नाही.

हे मान्य नसेल तर एक पर्यायी विनंती आहे. आपण स्वतः इंझोरीला या आणि माझ्या जागेवर रुजू व्हा. रुजू अहवाल मी टंकून देतो. आपण आलात तर मी मुकाट्यानं बाजूला होईन. आला नाहीत, आणि आजवर कुठल्याच कचेरीत कुणी आपल्याला पाहिलेलं नाही, तर नियमाप्रमाणे कार्यवाही व्हावी : जे पद मंजूर झाल्यापासून एकदाही भरलं गेलं नाही, ते आकृतिबंधातून वगळावं, आणि त्या जागेवर उपलब्ध माणसं घ्यावीत.

आपला,
एक एसएस कार्डधारक,
इंझोरी, ता. मानोरा, जि. वाशीम.

प्रत माहितीसाठी सविनय सादर : डावा खण, साहेबांचं टेबल.